उजवीकडचं दार

"हे समुद्रातलंच आहे," तपासनीस म्हणाला आणि गाडीच्या चेपलेल्या पत्र्यावरून त्याने बोट फिरवलं. बोटाला पिवळ्या रंगाची भुकटी लागली. ती त्याने मामांपुढे धरली. "बघा. जहाजातल्या खांबांना हाच रंग असतो. तिकडच्या लोकांनी पट्टे सैल बांधले असणार. लाटांत गाडी सरकली, खांबाला जाऊन धडकली. नेहमीचंच रडगाणं."

मामांनी होकाराची मान डोलावली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. यार्डातल्या दिव्यांच्या खांबांचे सिमेंटचे चौथरेही पिवळेच होते. त्यांतला एक तपासनिसाच्या पाठीमागेच होता, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर राखाडी रंगाचा ताजा फराटा होता. तपासनिसाने सहज जरी मागे वळून पाहिलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण त्याला अजून अख्खी रांग तपासायची होती, आणि ऊन डोक्यावर येत होतं.

"तुम्हाला काय वाटतं, मामा?" जुन्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून त्याने विचारलं.

"तसंच असेल," मामा म्हणाले.

एवढंच. खोटं असं ते काही बोलले नव्हते. पण तपासनीस पुढच्या गाडीकडे वळला तेव्हा मामांच्या लक्षात आलं की आपण मघापासून टोपी हातात घेऊन उभे आहोत, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे.

परदेशातून जहाजाने येणाऱ्या जुन्या गाड्या जहाजाच्या पोटातून एकेक करून बाहेर काढायच्या आणि बंदराच्या यार्डात ओळीने लावायच्या, हे मामांचं काम. त्यांना सख्खी, चुलत, मानलेली कुठलीच बहीण नव्हती. तरी अर्धं बंदर त्यांना मामा म्हणत असे. "भाचे फुकटचे, पण मामा अस्सल," असं टोळीतले चालक हसत म्हणत. नवा चालक आला की साहेब त्याला आधी मामांकडे पाठवत. मामा पहिल्या दिवशी त्याला गाडी चालवू देत नसत, नुसती उभी करायला शिकवत. "गाडी चालवता कुणालाही येते," ते म्हणत. "सोडून जायची कशी, ते शिक. आधी हँडब्रेक, मग गिअर, मग दार. हे तीन झाल्याशिवाय पाठ फिरवायची नाही." सध्याचे मुकादम निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या जागी मामाच येणार हे बंदरातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं.

आणि त्याच मामांनी सकाळी पाठ फिरवली होती.

ती राखाडी गाडी इतरांसारखी नव्हती. तिच्या स्टिअरिंगखाली एक लोखंडी दांडा बसवलेला होता. पुढे ढकलला की ब्रेक, अंगाकडे ओढला की वेग. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला हातांनी गाडी चालवता यावी म्हणून केलेली ती सोय होती. खालची पेडलं जागच्या जागी असल्यामुळे मामांनी गाडी नेहमीसारखीच जहाजाच्या उतारावरून खाली आणली. पण नजर सारखी त्या दांड्याकडे जात होती. दांड्याच्या बगलेत एक लहानशी खिट्टी होती. दांडा दाबून खिट्टी सरकवली की ब्रेक दाबलेलाच राहायचा. इतक्या वर्षांत मामांनी असलं काही पाहिलं नव्हतं. नव्या खेळण्यासारखी त्यांनी ती खिट्टी दोनदा लावून पाहिली, दोनदा काढून पाहिली.

यार्डात गाड्या एकमेकींना खेटून लावतात. शेजारच्या गाडीत आणि आपल्या गाडीत तळहात जेमतेम जाईल एवढीच फट ठेवायची, म्हणून चालक अर्ध्यावर थांबून खाली उतरतो, फट बघतो आणि पुन्हा बसून गाडी सारखी करतो. मामांनी गिअर न्यूट्रलला टाकला, खिट्टी लावली आणि उतरून पाहिलं. फट अगदी हवी तेवढीच होती. पुन्हा आत बसायचं कारणच उरलं नाही. चाकं किंचित वळलेली होती, ती सरळ करायचीही राहिली. तेवढ्यात चालकांना जहाजाकडे परत नेणाऱ्या व्हॅनने हॉर्न दिला, आतून कुणीतरी ओरडलं, "मामा, काय लग्न लावताय का गाडीशी?" सगळे हसले, मामाही हसले, आणि त्यांनी दार लोटून दिलं.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा गाडी जागेवर नव्हती. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून यार्डाला हलकासा उतार दिलेला होता. खिट्टी निसटताच त्या उताराने, वळलेल्या चाकांनी, कुणाच्याही नकळत ती निघाली होती आणि पुढचं उजवं अंग चौथऱ्यावर आपटून थांबली होती. चाकामागचा पत्रा आत गेला होता आणि दाराच्या बिजागरीवर रेलला होता. टोळीतले बाकीचे यार्डाच्या दुसऱ्या टोकाला होते. मामा डावीकडून आत शिरले, गाडी मागे घेतली, तिच्या जागेवर नेली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, दार लावलं. हातांनी हे सगळं इतक्या सराईतपणे केलं की मन मागून धापा टाकत पोचलं तेव्हा काम झालेलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. मामांना साहेबांच्या काचेच्या खोलीसमोर गाडी आणून उभी करायला सांगितलं होतं. ती आणून ते उतरले तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसलेली चाळिशीची एक बाई आणि तिच्यामागे उभा असलेला तिचा धाकटा भाऊ असे दोघं दिसले. बाई एका शाळेत गणित शिकवत. त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेल्या माणसाचा होता.

"आम्हाला फार वाईट वाटतंय, बाई," साहेब म्हणाले.

"वाईट वाटून झालं असेल तर पुढचं सांगा."

साहेबांनी घसा खाकरला. "वापरलेली गाडी जहाजाने येते ती मालकाच्या जोखमीवर. नव्या गाडीचं वेगळं असतं. समुद्रात जे झालं त्याची भरपाई जहाजवाले देत नाहीत, आणि आमच्या हातात काही नाही. इथं, आमच्या यार्डात जर का काही झालं असतं ना, तर पत्रा, दार, बिजागरी, सगळं आम्ही नवं बसवून दिलं असतं. एक शब्द न बोलता. तो आमचा नियमच आहे."

मामा खोलीच्या दाराशी उभे होते. आदल्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एकच गोष्ट पटवून दिली होती: दोष समुद्रावर गेला, समुद्राचं काय बिघडतं? कुणाचं पोट मारलं गेलं नाही, कुणावर आळ आला नाही. आता त्या पटवलेल्या गोष्टीचा तळच निघून गेला. समुद्राचं खरंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते या बाईंचं, आणि तेही मामांच्या त्या दोन शब्दांमुळे.

बाईंनी खुर्ची गाडीजवळ नेली आणि उजवीकडचं दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि पत्र्याला अडून थांबलं. त्यांनी पुन्हा ओढलं. मग खुर्चीवरून वाकून त्या फटीतून त्यांनी आत पाहिलं, आतल्या दांड्याकडे.

"छान," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात मला चोरासारखं शिरावं लागणार."

"पोचा काढून घेता येईल की बाहेर कुठं," साहेब म्हणाले. "गाडी चालू आहे."

"दुसऱ्या कुणासाठी हा पोचा आहे, साहेब. माझ्यासाठी दार आहे. दार सताड उघडलं तर मी खुर्चीतून सीटवर जाते. नाही उघडलं तर ही गाडी म्हणजे रंगीत दगड."

"डावीकडून चढलात तर?"

"चढेन ना. मग गिअरवरून कोलांटी मारून पलीकडे. सर्कशीत नाव घातलं की तेही शिकवतील."

"ताई," भाऊ हळूच म्हणाला.

"तू गप्प बस. तू निघालास ना?" बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या आणि मग साहेबांना, जणू वर्गाला उदाहरण घालून द्यावं तसं, सांगू लागल्या. "हा मला रोज शाळेत पोचवतो. उचलून बसवतो, उचलून उतरवतो. आता त्याला परदेशात नोकरी लागलीय. तो म्हणतो, नाही जात. मी म्हटलं, जायचं. तुझ्या जन्माचं मातेरं करून मला शाळेत जायचं नाही. मग ही गाडी शोधली. अशी गाडी इथं कुणी बनवत नाही. मिळायला फार दिवस लागले." त्या थांबल्या. "दुरुस्तीला आता माझ्याकडे काही उरलेलं नाही, हेही सांगून टाकते. म्हणजे तुम्हाला उगाच वाटायला नको की मी घासाघीस करतेय."

साहेब हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत राहिले. बाईंची नजर मामांवर गेली.

"तुम्ही काढलीत का जहाजातून?"

"हो."

"कशी चालते?"

मामांना बोलावंच लागलं. "लोण्यासारखी. इंजिन गुणी आहे, बाई."

त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंचा चेहरा सैल झाला. "तुम्ही तरी जपून आणलीत," त्या म्हणाल्या. "आभारी आहे."

*

संध्याकाळी बायको पोळ्या लाटत होती आणि मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसले होते. एरवी ते टोळीतल्या गमती सांगत. ती हसायची आणि "पुरे आता तुमचं" म्हणायची. आज त्यांनी सगळं सांगितलं, खिट्टीपासून आभारांपर्यंत. लाटणं मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"कुणी पाहिलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"त्या तपासनिसाला संशय?"

"नाही."

"मग ती बाई... रागावली का तुमच्यावर?"

"आभार मानले म्हणून सांगितलं ना."

तव्यावरची पोळी एका बाजूने करपली तेव्हा तिने ती चिमट्याने उचलून बाजूला ठेवली. "अहो, मला विचारू नका," ती म्हणाली. "सांगा म्हटलं तर उद्या मुकादमकी गेल्यावर तुम्ही मला काही बोलणार नाही, पण मनात धराल. नका सांगू म्हटलं तर तेही माझ्याच माथी. तुमची गाडी तुम्हीच लावा."

"गाडी लावता आली असती तर एवढं झालंच नसतं," मामा म्हणाले. ते विनोदासाठी बोलले नव्हते, पण तिला हसू फुटलं, आणि हसताना डोळे भरून आले म्हणून तिने तोंड गॅसकडे वळवलं.

सकाळी मामा थेट काचेच्या खोलीत गेले. उभ्या उभ्याच सांगितलं. साहेब ऐकत होते तोवर खिडकीबाहेर बघत होते.

"मामा," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलंच नाही."

"मग पुन्हा सांगतो."

"पुन्हाही ऐकणार नाही. बसा. चहा घ्या." त्यांनी स्वतः उठून कप भरला. "तुम्ही बोललात की तपासनीस आंधळा ठरतो. मी त्या बाईला समोर बसवून खोटं बोललो असं होतं. वरून विचारतील, तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस गाडी न्यूट्रलला सोडून जातो, तर बाकीचे काय करत असतील? आणि तुमच्या मुकादमकीची शिफारस मीच वर पाठवलीय. तिचं काय करू? तुम्ही मुद्दाम केलंत का? नाही ना? मग झालं. मनाला लावून घेऊ नका. गाडी आज जातेय. एकदा फाटकाबाहेर गेली की आपला संबंध संपला."

चहा गोड होता. मामांनी तो संपवला आणि ते बाहेर आले. बाहेर आल्यावर त्यांना चक्क हलकं वाटलं. मी सांगून पाहिलं, ऐकणाऱ्याने ऐकलं नाही, आता माझ्याकडे काही नाही. त्यांचा ऊर मोकळा झाला, पाय झपाझप पडू लागले, आणि यार्डाच्या मध्यावर पोचेपर्यंत त्या हलकेपणाचीच त्यांना धास्ती वाटू लागली. इतक्या स्वस्तात सुटलेला माणूस उद्या आणखी कुठे कुठे सुटेल, याचा त्यांना अंदाज येईना.

*

दुपारी फाटकाशी गाडी नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडेच आलं. गाडी ओळखीची, म्हणून. बाई खुर्चीत, फाटकाजवळच्या शेडच्या सावलीत होत्या. भाऊ गाडी घरी चालवत नेणार होता. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. मामांनी किल्ली मुठीत धरून ठेवली.

"द्या ना, मामा," भाऊ म्हणाला. इथे आल्या आल्या त्यानेही ती हाक उचलली होती.

"बाई," मामा त्याच्या खांद्यावरून बोलले, "ही गाडी समुद्रात नाही आपटली. इथं आपटली. मी सोडून गेलो, खिट्टीच्या भरवशावर. ती सरकली. मग मीच परत जागेवर आणून लावली."

आपण काहीतरी लांबलचक बोलू असं त्यांना फाटकाकडे येताना वाटत होतं. ते सगळं एवढ्यातच संपलं.

भावाचा चेहरा लाल झाला. "काय म्हणालात? अहो, काल तुम्ही तिथं उभे होतात! ती दार ओढत होती तेव्हा..."

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची सावलीतून उन्हात आणली, मामांच्या अगदी समोर. "काल तुम्ही उभे होतात."

"हो."

"मी तुमचे आभार मानले."

"हो."

"ते मी परत घेते."

मामांनी मान डोलावली. शिवी ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती, याची नव्हती.

"साहेबांना सांगितलंत?"

"सकाळी. ते म्हणाले, ऐकलं नाही."

"आणि तुम्ही चहा पिऊन आलात."

हे बाईंना कसं कळलं, ते मामांना कळेना. पुढे कधीतरी त्यांना वाटलं, वर्षानुवर्षं पोरांच्या वह्या तपासणाऱ्याला खाडाखोड लांबूनच दिसत असेल.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "मला एकटीला सांगून तुमचं मन मोकळं होईल. माझं दार होणार नाही. तिथं चला. त्या काचेच्या खोलीत, माझ्यासमोर, सगळ्यांसमोर सांगा. जमणार नसेल तर किल्ली द्या माझ्या भावाला, आम्ही निघतो. मी तुमच्यामागे लागणार नाही. मला शाळेत पोरांच्या मागे लागायचं असतं, तेवढं पुरे."

भाऊ खुर्ची ढकलायला पुढे झाला, बाईंनी हातानेच नको म्हटलं. फाटकापासून खोलीपर्यंतचा रस्ता खडबडीत होता. त्या स्वतः चाकं फिरवत निघाल्या आणि मामा त्यांच्या बाजूने चालू लागले. टोळीतले चालक गाड्यांतून उतरता उतरता थबकून बघत होते, कुणीतरी "काय झालं, मामा?" असं विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा हसू आवरून गप्प झालं.

खोलीत साहेब होते, तपासनीस होता, निवृत्त व्हायला निघालेले मुकादम होते. मामांनी चौथ्यांदा तेच सांगितलं. या वेळी शब्द कोरडे निघाले, जणू दुसऱ्याच कुणाच्या हातून झालेली चूक ते वाचून दाखवत होते. साहेबांनी न ऐकल्यासारखं करायची आता सोय नव्हती. तपासनीस उठून गेला, चौथरा बघून आला आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता खुर्चीवर बसला.

"मामा, असं करायला नको होतंत," मुकादम म्हणाले. गाडीबद्दल म्हणाले की सांगण्याबद्दल, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

"दार नवं बसवून देतो," साहेब बाईंना म्हणाले. मग मामांकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. मामांनी गळ्यातला चालकाचा पास काढून त्या हातावर ठेवला.

*

पास गेला, नोकरी राहिली. मामांना पट्ट्यांच्या शेडमध्ये पाठवलं. जहाजात गाड्या जखडून ठेवणारे पट्टे तिथे ढिगाने येऊन पडत. ते सोडवायचे, झिजलेले बाजूला काढायचे, उरलेले गुंडाळून ठेवायचे. टोळीत नवे मुकादम आले, मामांनीच शिकवलेले. ते शेडवरून जाताना मान खाली घालत. मामांना त्याचं जास्त वाईट वाटे. ते मुद्दाम हाक मारून विचारत, "काय मुकादम, जेवलात का?"

बायकोने घरी एकदाही विषय काढला नाही. फक्त एकदा शेजारणीने "कधी होताहेत हो मुकादम?" असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी नको म्हणून सांगितलं." आतल्या खोलीतून मामांनी ते ऐकलं. तिला आपल्यासाठी खोटं बोलावं लागलं, ही आणखी एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा झाली.

काही आठवड्यांनी गाडी तयार झाली. बाई ती न्यायला एकट्याच आल्या. भाऊ गेला होता. टॅक्सीवाला त्यांना फाटकाशी सोडून निघून गेला. मामा शेडच्या तोंडाशी पट्टा गुंडाळत होते. त्यांनी पाहिलं: बाईंनी उजवीकडचं दार ओढलं आणि ते सताड उघडलं. त्यांनी खुर्ची तिरपी लावली, एक हात सीटवर, एक हात चौकटीवर ठेवला आणि शरीराला हिसका देऊन आत गेल्या. मग बसल्या जागेवरून वाकून त्या खुर्चीची चाकं सुटी करू लागल्या. एक चाक निघेना.

मामा धावत पोचले. "द्या, मी काढतो."

"नको." त्यांना धाप लागली होती. "उद्या शाळेच्या दारात तुम्ही येणार आहात का?"

मामा हात पुढे केलेल्या अवस्थेत उभे राहिले आणि मग त्यांनी ते मागे घेतले. चाक शेवटी निघालं. बाईंनी दोन्ही चाकं आणि खुर्चीचा सांगाडा एकेक करून मांडीवरून पलीकडच्या सीटवर टाकला. दार ओढून घेतलं. ते एकाच ठोक्यात, भरीव आवाज करून बसलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळणावर जराशी अडखळली, मग सावरली. बाईंनी मागे पाहिलं नाही. पाहायचं काही कारणही नव्हतं.

गाड्या चालवणाऱ्यांच्या अंगावर टोकदार, कडक असं काही असून चालत नाही. दुसऱ्याच्या गाडीवर चरा उमटतो. म्हणून लग्नातली अंगठी मामा नोकरीला लागल्यापासून रोज सकाळी काढून आरशाखालच्या फळीवर ठेवत आणि रात्री घालत. पट्ट्यांच्या शेडमध्ये तशी काही गरज नव्हती, तरीही इतके आठवडे ते ती रोज काढून ठेवूनच बाहेर पडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, शर्ट घातला, डबा घेतला. दाराशी चपला सरकवताना बायकोचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं.

"अंगठी राहिली काढायची," ती म्हणाली.

"राहू दे," मामा म्हणाले, आणि जिना उतरू लागले.